आप्पांच्या रानात थांबलेली माती

तात्या, वरच्या पट्टीत आता मुरूम उघडा पडलाय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, सांगायला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून जमिनीपासूनच करते. पितृपंधरवड्यात पाऊस लागला तो हटेना. पाथर्डीच्या पूर्वेला आपल्याकडे पावसाची वाट पाहायची सवय. तो इतका आला तर काय करायचं, हे कुणालाच येत नव्हतं. पाझर तलावाचा सांडवा फुटला, ओढ्यानं वरच्या अंगाला काठ फोडला आणि पाणी आपल्या पट्टीतून आडवं घुसलं. भाऊ सकाळी गेला तेव्हा बाजरी उभी नव्हती, आणि बाजरीखालची मातीही नव्हती. तुम्ही बांधाला रचलेली दगडी ताल मधोमध फुटली होती. पट्टीभर पिवळा मुरूम, मधूनमधून खडकाचे कणे वर आलेले. बांधाच्या खाली आप्पांचं सपाट रान. तिथं पाण्याचा वेग मोडला आणि वरून आणलेलं सगळं त्यानं तिथं टाकलं. आप्पांची तूर आणि कपाशी शेंड्यापर्यंत गाडली गेली. त्यांच्या रानावर आपली काळी माती, एका जागी गुडघ्याएवढी, साय धरल्यासारखी पसरली होती.

हे सगळं मी नंतर ऐकलं; त्या दिवशी भावाचा नुसता फोन आला. एवढंच म्हणाला की वर काही राहिलं नाही, सगळं खाली गेलं. खाली म्हणजे कुठं हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तुमच्या दोघा भावांत अबोला धरला गेला तेव्हापासून आपल्या घरात आप्पांच्या रानाला नाव नाही. ते नुसतं 'खाली' आहे.

मग घट बसायचा दिवस आला. वहिनी पाटी घेऊन पहाटे वरच्या पट्टीत गेली. घटाची माती आपल्याच रानातली लागते. विकतची चालत नाही, दुसऱ्याची चालत नाही. तिनं पट्टीत दोन फेऱ्या मारल्या. हाताला मुरूम आणि चुनखडीच लागत होती. त्यात गहू टाकला तर उगवणार नव्हता. मला तिनं आदल्या दिवशी फोनवर चेष्टेनं म्हटलं होतं, तुमच्या गॅलरीतल्या कुंडीतली पाठवा, ती तरी आपली हाय. तिला ते ठाऊक होतं. आम्ही नगरला घर बांधलं तेव्हा तुम्ही पोतंभर माती एसटीनं आणली होती. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट काढायला लावलं. तुम्ही म्हणालात, मातीला कसलं तिकीट, आणि तो म्हणाला, बाबा, सोनं असलं तरी लगेज पडंल. तुम्ही दारात उभे राहिलात आणि मला आधी पोतं दाखवलं, मग तोंड धुतलं. त्या मातीत कढीपत्ता लावला, तो अजून आहे. पण वहिनीनं ते नुसतं बोलण्यात आणलं होतं. त्या पहाटे ती बांध उतरून खाली गेली आणि आप्पांच्या रानातून पाटीभर माती घेऊन आली.

काकूंनी ते पाहिलं. तुमच्या आणि आप्पांच्या घरात इतक्या वर्षांत पहिलं बोलणं झालं ते असं. घट बसला होता, वहिनी मातीत सात धान्यं पेरून वर पाणी शिंपडत होती, आणि काकू आमच्या स्वैपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, देवीला तरी चोरीची माती घालू नगा. वहिनी वळली नाही. पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, आमचीच हाय, तुमच्याकडं मुक्कामाला आलीया. काकू म्हणाल्या, मुक्कामाला आलेलं मानूस इचारून नेत्यात. वहिनी म्हणाली, मानसाला इचारत्यात, ढेकळाला न्हाई. यावर काकू हसल्या असं वहिनी सांगते. पण संध्याकाळपर्यंत आप्पांची दोन्ही पोरं बांधावर येऊन बसली. त्यांच्याजवळ काठ्या होत्या. सापासाठी, असं पोरं म्हणाली.

पंचनाम्याला तलाठी आला, त्याच्याबरोबर एक कृषी सहायक आली. पंचविशीची असेल, पायात मोठ्या माणसाचे गमबूट. तिचं ऐकून भाऊ आणखी चिडला, पण ती चुकीचं बोलली नव्हती. ती म्हणाली, सरकारची मदत दोन प्रकारची आहे. तुमची जमीन खरडून गेलीय, तिच्यासाठी वेगळी. खालच्यांच्या जमिनीवर गाळ बसलाय, तो काढायला वेगळी. भावानं विचारलं, गाळ कुठला म्हन्ता, ती माती हाय आमची. ती म्हणाली, आमच्याकडं त्याला गाळच म्हणतात. मग भाऊ म्हणाला, तो काढायचा आणि हिथं टाकायचा, एवढं लिवा की. तिनं मोबाईल उंच धरला, रेंज येईना म्हणून दगडावर चढली, आणि तिथूनच सांगितलं की काढायचं त्यांच्या नावावर लिहिता येतं, भरायचं तुमच्या नावावर लिहिता येतं, पण तीच माती इथून तिथं जावी असं लिहायला जागा नाही. ते तुम्ही आपसात बघा. आपसात म्हटल्यावर तलाठी दुसरीकडे पाहायला लागला. तो गावचा आहे.

ती खाली उतरून आप्पांकडे गेली. आप्पा बांधावर घमेलं पालथं घालून बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला मदत नगं. तिला वाटलं ते रागावलेत. तिनं पुन्हा समजावलं. आप्पा म्हणाले, गाळ काढायला पैसं देता, मला काढायचाच न्हाई. ऱ्हाऊ द्या. तुम्हाला आठवत असेल, आप्पांचं रान चोपण आहे, पाणी धरून बसतं, उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. त्याच्यावर आता काळ्या मातीचा थर आला होता. त्यांना तो सपाट करून घ्यायचा होता आणि त्यात ज्वारी पेरायची होती. मदत नको म्हणणारा माणूस त्या पोरीनं त्या दौऱ्यात पाहिला नव्हता. तिनं तलाठ्याला विचारलं की असं लिहायचं कसं. तलाठी म्हणाला, आत्ता लिहू नका.

सरकारचं एक पोकलेन गावात आलं होतं. ओढ्याचं पात्र मोकळं करायचं आणि फुटलेला काठ पुन्हा बांधायचा, एवढं त्याचं काम. ते वरून काम करत खाली येत होतं. वाटेत कुणाला दोन बकेट इकडची तिकडं करून हवी असली तर ऑपरेटर करून देत होता. आप्पांनी त्याला सांगून ठेवलं होतं की काठ झाला की माझं रान सपाट कर आणि खालच्या कडेला बांध घाल. बांध घातला की ती माती कायमची त्यांची. पोकलेन पुढच्या गावाला गेलं की पुन्हा कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. आणि पाझर तलावातला गाळ आणावा, तर तलाव काठोकाठ भरलेला. उन्हाळ्यापर्यंत त्याच्या तळाला हात लागणार नव्हता. पेरणीपुरती ओल, वापसा, फार दिवस थांबत नाही. भावापुढं दोन गोष्टी होत्या. आठवड्यात ती माती वर यायची, किंवा त्यानं पुन्हा ऊसतोडीला कोयता घ्यायचा. त्यानं कोयता सोडला तो तुम्ही गेल्यानंतर. पट्टीच्या जोरावर सोडला. आता मुकादम दारावरून दोनदा जाऊन आला होता. टोळीचं काही बोलत नव्हता, नुसती तब्येत विचारत होता.

दसऱ्याच्या आधी भावाचा फोन आला. तू ये. मी म्हटलं, मी येऊन काय करू. तो म्हणाला, तू बोल त्यांच्याशी. तुझ्याशी बोलत्यात ते. हे खरं होतं. दोन घरांत अबोला असला तरी लेक त्यात धरत नाहीत. माझ्या लग्नानंतर मी येईन तेव्हा काकूंनी माझी ओटी भरली, आप्पांनी पोरांच्या हातावर खाऊला काहीतरी ठेवलं. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही ते पाहिलं नाही असं दाखवत होतात. मी विचारलं, आणि नाहीच म्हणाले तर? भाऊ म्हणाला, मंग मी ट्रॉली घालनार. पोरं तयार हायेत. मी म्हटलं, त्यांच्याही पोरांच्या हातात काठ्या आहेत. तो म्हणाला, म्हनून तर तुला बोलावतोय.

मी पाथर्डीच्या गाडीनं निघाले, पुढं जीपनं. वाटेत तुम्ही मनात होतात. एका गोष्टीवरून तुम्ही मला मारलं होतं, तेवढं एकदाच. मी रानातून आले आणि चिखलाचे पाय मोरीवर धुतले. तुम्ही हात धरून मला ओढत बांधावर नेलं. तिथं एक उभा दगड होता. घरी येताना त्यावर पाय घासायचे आणि माती तिथंच सोडायची, हा आपल्या घरचा नियम. तुम्ही म्हणालात, एक एक पाटी आणून केलंय हे रान, मोरीत घालवायला न्हाई. मी रडत पाय घासते आहे. पायाला आधीच काही नाही, तरी घासते आहे. तुम्ही उभे आहात. मी त्या दिवसापासून असं धरून चालले की पट्टी तुम्ही केली. मुरमाचा माळ होता आणि तुम्ही उन्हाळ्यामागून उन्हाळे बैलगाडीनं तलावातला गाळ आणून त्याचं रान केलं. घरात हे सगळ्यांनी सांगितलं. आईनं सांगितलं. तुम्हीही सांगितलं.

घरी पोचले तेव्हा पोकलेनचा आवाज येत होता. वहिनीनं पाणी दिलं, चहा टाकला. घटातलं धान्य वीतभर वर आलं होतं. मी पाहत राहिले तशी ती म्हणाली, चांगलं आलंय, काय सांगू, चोरीचं हाय ना. मग हसली नाही. म्हणाली, ताई, मी नगरला जनाबाईच्या घरातलं धुणं करीन पण त्या कोपीत पुन्हा ऱ्हानार न्हाई. जनाबाई म्हणजे कुणी नाही. कुठल्याही घराला ती असं म्हणते. कोपी म्हणजे तिकडं कारखान्यापाशी पाचटाची जी झोपडी करतात ती. तिचा पहिला मुलगा कोपीत झाला आणि कोपीतच गेला, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्यात ते कुणी बोलत नाही. तीही त्या दिवशी तेवढ्यावरच थांबली. मी चहा अर्धा ठेवला आणि बांधाकडं गेले.

आप्पा घमेल्यावर बसले होते. थकलेत. मान बारीक झालीय, सदऱ्याची कॉलर मोठी दिसते. पोकलेन अजून दोन शेतं वर होतं. त्याचा हात वर यायचा, खाली जायचा. पोरांना आप्पांनी हातानंच लांब जायला सांगितलं. मला बसायला टॉवेल पसरला. पोरं काय करतात, जावईबापूंची शुगर कशी आहे, नगरला त्या पुलाचं काम झालं का, असं सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. मग ते थांबले आणि म्हणाले, "माती मागाया आलीस."

मी हो म्हटलं.

"कुनाची?"

आमची म्हटलं असतं तर भाऊ जे बोलत होता तेच झालं असतं. तुमची म्हटलं असतं तर मागायला आलेच कशाला. मी मशीनकडे पाहत राहिले. आप्पांनी हातानं त्या रानातलं एक ढेकूळ उचललं, फोडलं, आणि मग जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की पट्टी दोघांनी केली. वाटण्या व्हायच्या आधी, दर उन्हाळ्याला. दादा, म्हणजे तुम्ही, गाडी हाकायचा कारण बैल दादाचं ऐकायचे. तलावात उतरून भरायचं काम आप्पांचं. गाडी जिथं जात नव्हती तिथून डोक्यावर पाटी, चढ चढून. सगळी माती वर टाकली, कारण खालच्या रानात टाकली तर चोपणात मुरून जाईल असं तुमच्या वडिलांचं म्हणणं. पुढं म्हातारा गेला, आणि वाटण्याला चिठ्ठ्या टाकल्या. वरची तुम्हाला आली, खालची त्यांना. यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. चिठ्ठी ती चिठ्ठी. त्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं की माणसं येतील जातील तेव्हा एवढं बोलत जा, की ह्यात धाकट्याची मेहनत आहे. तुम्ही म्हणालात, चिठ्ठी निघाल्यावर आता कसली मेहनत.

"चिठ्ठीत जमीन हुती," आप्पा म्हणाले. "माती न्हवती. ती आमी आनली हुती."

आम्हाला लहानपणी सांगितलं होतं की अबोला बांधावरून झाला. गावात बहुतेक अबोले बांधावरून होतात, म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. मी तिथं बसून खोटं शोधायला लागले. म्हणजे आप्पा खोटं बोलताहेत असं काही सापडतंय का ते. मला एक उन्हाळा आठवत होता. रिकामी गाडी तलावाकडे परत चाललीय, ऊन पाठीवर आहे, गाडीच्या साट्यावर मातीचा ओला वास आहे, आणि मी तुमच्या मांडीवर बसलेय. तुमचे हात माझ्या पोटावरून पुढं आलेले, पंज्यांना गाळ वाळून चिकटलेला, तडकलेला. ही माझी तुमच्याबद्दलची सगळ्यात जुनी आठवण आहे; मी ती माझ्या मुलांना सांगितलीय. पण गाडी तुम्ही हाकत होता. पुढं जुवाजवळ तुमची पाठ आहे, डोक्याला पटका आहे, ते मला तितकंच स्पष्ट दिसतं. मग मी कुणाच्या मांडीवर बसले होते, तात्या? त्या दुपारपर्यंत मी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

पोकलेननं एक शेत संपवलं आणि ते पुढं सरकलं. आमच्या बांधावर भाऊ येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं ट्रॅक्टर, ट्रॉली रिकामी. इंजिन चालू ठेवलं होतं. आप्पांच्या पोरांनी ते पाहिलं आणि दोघं उठले. आप्पा म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, घाल म्हनाव ट्रॉली. माझ्यावरनं घाल." ते मोठ्यानं बोलले नाहीत. पण ते घमेल्यावरून उठले आणि बांधाच्या त्या खिंडारात जाऊन उभे राहिले जिथून ट्रॉली खाली आली असती. मी त्यांच्या मागं गेले. भाऊ वरून पाहत होता. मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो तुमचा होता. त्याच्यापुढं आता कोण बोलणार होतं आणि काय बोलणार होतं, ते मला समजत नव्हतं. मला एवढंच समजत होतं की तुम्ही असतात तर काही बोलला नसतात.

तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, तात्या म्हणाले होते मला."

त्यांनी वळून पाहिलं.

"शेवटी. दवाखान्यात. म्हणाले, वरच्या पट्टीतली निम्मी माती धाकट्याच्या डोक्यावरनं आलीय."

ते खिंडारातून एक पाऊल माझ्याकडं आले. मग म्हणाले, "काय म्हनला? पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं. शब्द तेच ठेवले. आवाज थोडा तुमच्यासारखा, थांबत थांबत, असा केला. करायचा असं ठरवलं नव्हतं.

आप्पांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि परत खांद्यावर टाकला. मला वाटलं झालं. मला वाटलं, आता ते मशीनला हात करतील. ते म्हणाले, "मंग मला बोलवायचं की."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, तात्या. मी त्यांना तुमच्याकडून एक वाक्य दिलं आणि त्याच वाक्यात तुम्ही मरायला टेकला होतात, कबूलही केलं होतंत, आणि तरी धाकट्या भावाला बोलावलं नव्हतंत. वीस वर्षं त्यांच्याकडं नव्हतं असं दुःख मी त्यांना आणून दिलं. ट्रॅक्टर चालूच होता. मी म्हटलं, "बोलवायला सांगितलं होतं. मीच निरोप धाडला नाही."

"का गं?"

"तुम्ही आला नसता तर? त्यांना ते सोसलं नसतं."

"आलो असतो," आप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रानात उतरले, गाडलेल्या तुरीच्या काठ्या उपटून त्या ओळीनं रोवत गेले, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. मध्ये दोनदा थांबले, मागं वळून ओळ सरळ आहे का पाहिली, एक काठी काढून हातभर आपल्याकडं घेतली, पुन्हा होती तिथं रोवली. मग ऑपरेटरला हात करून बोलावलं. या अंगाची उचलून वर द्यायची, त्या अंगाच्या ढेकळाला हात लावायचा नाही. ऑपरेटर बाहेरचा होता. तो म्हणाला, बाबा, सगळीच देऊन टाका की, एका दमात होईल. आप्पा म्हणाले, तुला इचारलं का?

दिवस बुडेपर्यंत ट्रॉल्या वर गेल्या. आप्पा त्या काठ्यांच्या ओळीवर उभे होते, एक बकेट जास्त जाऊ नये म्हणून. भाऊ वर उभा होता, माती सारखी पसरत होता. दोघं एकमेकांना दिसत होते. वहिनीनं ड्रायव्हरांना चहा आणला, एक कप जास्तीचा ओतला आणि आप्पांच्या जवळ बांधावर ठेवून निघून आली. मी परतताना कप रिकामा होता. प्यायले की ओतला, ते मी पाहिलं नाही. कृषी सहायक दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, काठ्यांच्या ओळीपाशी उभी राहिली आणि भावाला विचारलं की हे काय आहे. भाऊ म्हणाला, वाटनी. तिनं दोन्हीकडचे फोटो काढले. मदत दोघांनाही लागू होईल, निम्मी निम्मी लिहिते, असं म्हणाली. मदत अजून आलेली नाही. ओढ्याचा काठ मात्र चांगला बांधलाय. फुटलेल्या तालीचं काय, ते अजून कुठल्या यादीत नाही. भाऊ स्वतःच दगड लावतोय.

ज्वारी उगवली. माती पातळ आहे, त्यामुळं ती आप्पांच्या ज्वारीपेक्षा ठेंगणी राहील, हे आत्ताच दिसतं. पण कणसं धरेल. मुकादमाची गाडी दिवाळीनंतर रस्त्यावर थांबली, टोळी भरली आणि गेली. वहिनी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मग आत जाऊन तिनं भाकरी थापायला घेतल्या, आणि आम्ही दोघीच असताना म्हणाली, ताई, तुमी काय बोललात हो आप्पांना? मी म्हटलं, विनंती केली. ती म्हणाली, इनंतीनं न्हाई ऐकायचे ते. भावाला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, तात्या असं म्हणालेच नसतील, आणि तो हे गावभर म्हणेल, कारण त्याच्या लेखी त्यात तुमचा मान आहे.

आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळीत मी काकूंकडे गेले तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंनी ओटी भरली, पण घाईनं. त्यांच्या घरात आता असं आहे की तुम्ही शेवटी भावाला हाक मारली होती आणि ती माझ्यापाशी अडली. काकू मला म्हणाल्या, तुझ्या बापाचा जीव किती तळमळला असंल गं. मी मान खाली घातली. आप्पांना तुमच्याबद्दल आता राग नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुमची तिथी घातली, असं वहिनीच्या कानावर आलंय, पंधरवडा कधीच सरला होता तरी. ब्राह्मणानं हरकत घेतली तर म्हणाले, मला आत्ता कळलं, तर आत्ता घालनार.

दवाखान्यात तुम्ही काय बोललात ते मला सगळं आठवतं. पंखा कमी करायला सांगितलंत. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला संत्रं द्यायला सांगितलंत. ज्वारीला कणीस धरलं का, असं विचारलंत. धाकट्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मनात होतं का, ते मला कळण्याचा काही मार्ग नाही.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. आप्पांना आता चालताना दम लागतो. रात्री बसून काढतात. काकू नगरला आणायचं म्हणतात, ते येत नाहीत. हा उन्हाळा ते काढतील असं कुणाला वाटत नाही. आणि तुम्ही कुठं असाल तिथं ते आले, तर पाणीसुद्धा न मागता आधी हेच विचारतील. कुठल्या शब्दांत म्हणालात ते विचारतील. ते शब्द मी वर लिहिलेत. मला का बोलावलं नाहीस, असंही विचारतील. त्यावर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचं. बाकी काही बोलायची गरज नाही. गाडीत मी कुणाच्या मांडीवर बसले होते, तेवढं जमलं तर तुम्ही त्यांना विचारा.

दोनदा लिहून फाडलं, हे तिसऱ्यांदा. घडी घालून कपाटात ठेवेन. टाकायला पेटी असती तरी टाकलं असतं का, ते सांगता येत नाही. तुम्ही सबंध वाचाल, कागद खाली ठेवाल, आणि म्हणाल, मी असं कधी म्हणालो? मला त्याचीच भीती वाटते.